बेटावरून परतताना मधला एक दिवस मोकळा ठेवाच

सकाळच्या बोटीने बेट सोडायचं आणि त्याच रात्री परतीचं विमान पकडायचं, हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून असं करू नका. बोटीची वेळ कागदावर असते. ती सुटणार की नाही, हे वारा आणि लाटा ठरवतात. विमानाच्या आधीचा एक अख्खा दिवस मोकळा ठेवा आणि ती रात्र विमानतळाच्या बाजूला काढा.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांतलं मिकिनेस घ्या. उन्हाळ्यात शेजारच्या बेटावरच्या सर्वागुर गावाहून बोटीने जेमतेम पाऊण तास. पण तिथला धक्का खडकांच्या अरुंद खाचेत आहे, उघड्या अटलांटिकची लाट सरळ आत घुसते. त्यामुळे वर निळं आकाश असतानाही फेरी रद्द होते. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हावर तर विमानतळच नाही. केप टाउनहून जहाजाला आठवडाभर लागू शकतो, बेटाच्या परिषदेची परवानगी आधी काढावी लागते आणि समुद्र खवळलेला असेल तर बेट समोर दिसत असूनही उतरता येत नाही.

बोट आणि विमान यांची तिकिटं वेगळी असली, तर बोट चुकल्याची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही. म्हणून विमा घेताना बारीक अक्षरातलं वाचाच. बोट रद्द झाल्यामुळे विमान चुकलं तर भरपाई मिळते का? आजारी माणसाला बेटावरून मोठ्या हॉस्पिटलात हलवायचा खर्च त्यात धरलाय का? हा दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हेलिकॉप्टरचं बिल भल्याभल्यांना झेपत नाही. स्कूबा डायव्हिंग (टाकी लावून खोल पाण्यात बुडी) करणार असाल तर तेही पॉलिसीत आहे का ते बघा. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात, म्हणजे मोकळा दिवस इथेही कामी येतो.

रोजची औषधं चार-पाच दिवस जास्तीची, आणि हातातल्या बॅगेत. रोख रक्कम मुख्य शहरातच काढून घ्या.

ओहोटीला वाळूवरून पलीकडच्या खडकावर चालत जायचा मोह होतो. भरतीची वेळ बघितल्याशिवाय जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, परतीची वाट पाण्याखाली जाते. आणि किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा बराच वेळ चाललेला भूकंप जाणवला, तर त्सुनामीच्या इशाऱ्याच्या भोंग्याची वाट न बघता उंचावर जा.

पैसे भरण्याआधी मुक्कामाच्या मालकाला एवढं नक्की विचारा: गेल्या वर्षी याच महिन्यात बोट किती दिवस बंद होती?