सरकार एआय कंपनीला सहकार्य करतं की कंपनीशी?

प्रश्न असा आलाय: एखाद्या देशाचं सरकार आणि एआय कंपनी यांच्यात एमओयू (मेमोरँडम ऑफ अंडरस्टँडिंग, म्हणजे मिळून काय करायचं याचा लेखी समजुतीचा कागद) झाला तर ‘सरकार कंपनीला सहकार्य करणार’ लिहायचं, ‘कंपनीशी सहकार्य करणार’ लिहायचं की सरळ ‘भागीदारी’ म्हणायचं, आणि एमओयूला नुसतं ‘करार’ म्हटलं तर चालेल का.

आधी ‘ला’ आणि ‘शी’ बघू, कारण बातमीचा अर्थ खरा तिथेच फिरतो. सहकार्य म्हणजे एकत्र काम करणं हे बरोबरच, पण बोलण्यात आपण हा शब्द कुठे कुठे वापरतो ते आठवून बघा: पोलिसांना सहकार्य करा, आरोपी तपासात सहकार्य करत नाही, कर्मचाऱ्यांना सहकार्य करावे ही विनंती. या सगळ्यात काम एकाचंच असतं, दुसऱ्याने फक्त आडकाठी करायची नाही, झाली तर मदत करायची. म्हणजे ‘ला’ लागला की कामाचा मालक ठरून जातो. त्यामुळे ‘कंपनी सरकारला सहकार्य करणार’ असं वाचलं की कंपनीमागे कसली तरी चौकशी लागलीय असं वाटतं आणि ‘सरकार कंपनीला सहकार्य करणार’ असं वाचलं की जागा, वीज, परवाने, सवलती असलं काहीतरी सरकार देतंय असं वाटतं. दोन्ही वाक्यं मराठी म्हणून अगदी शुद्ध आहेत, फक्त एमओयूमध्ये जे ठरलंय ते बहुतेक वेळा यातलं नसतं.

‘शी’ मध्ये दोघंही काम करणारे असतात. खरं उदाहरण घेऊ. २९ ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेच्या सरकारी एआय सेफ्टी इन्स्टिट्यूटने ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या दोन कंपन्यांशी वेगवेगळे करार जाहीर केले. त्यात असं होतं की कंपनीचं मोठं नवीन मॉडेल (चॅटजीपीटीसारख्या सेवा ज्यावर चालतात ती एआय प्रणाली) लोकांसाठी खुलं व्हायच्या आधी आणि नंतरही संस्थेला तपासायला मिळेल, धोके कसे ओळखायचे आणि कमी करायचे यावर दोघं मिळून संशोधन करतील, आणि सुरक्षेत काय सुधारता येईल ते संस्था कंपनीला कळवेल. मॉडेल इकडून तिकडे जातंय, निष्कर्ष तिकडून इकडे येतायत, म्हणून इथे ‘कंपन्यांशी सहकार्य’ हेच नेमकं. ‘कंपन्यांना’ लिहिलं तर तपासणारी संस्था कंपनीची मदतनीस होऊन बसते, आणि वाचणाऱ्याला सगळ्यात आधी कळायला हवं ते हेच की कोण कुणाला तपासतंय.

तिसरा एक प्रयोग आहे, ‘च्या सहकार्याने’. ‘कंपनीच्या सहकार्याने सरकारने सेवा सुरू केली’ यात सेवा सरकारची आणि कंपनी हातभार लावणारी. हेही खूप कामाचं आहे पण कर्ता खरोखर सरकार असेल तरच. (‘यांच्या संयुक्त विद्यमाने’ मात्र कार्यक्रम, शिबिरं, परिषदा यांच्यासाठीच ठेवा, मॉडेलची चाचणी काही संयुक्त विद्यमाने होत नाही.) आणि ‘सरकार-कंपनी सहकार’ असं लिहू नका, मराठीत सहकार म्हटलं की सभासदांची संस्था डोळ्यापुढे येते.

आता करार. एमओयूला मराठीत रुळलेला शब्द आहे सामंजस्य करार, तोच वापरा. सामंजस्य म्हटलं की भांडण मिटवल्यासारखं वाटतं अशी काहींची तक्रार असते, ती मला थोडी पटतेही, कारण ‘सामंजस्याने घ्या’ हे आपण तणातणी झाल्यावरच म्हणतो. पण शब्द सरकारी कागदात आणि वर्तमानपत्रात इतका बसलाय की आता नवा शोधायची गरज नाही. नुसतं ‘करार’ लिहिलं तर चूक नाही पण अर्धवट राहतं, कारण बोलीत करार म्हणजे मोडला तर कोर्टात जाता येईल असं काहीतरी. कायद्याची मराठी इथे जास्त काटेकोर आहे, भारतीय संविदा अधिनियम, १८७२ नुसार कायद्याने अंमलात आणता येण्यासारखा करार म्हणजे संविदा, म्हणजे प्रत्येक करार संविदा नसतो. ब्रिटन सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अँथ्रॉपिकशी आणि जुलै २०२५ मध्ये ओपनएआयशी सामंजस्य करार केले, ते दोन्ही कायद्याने बंधनकारक नाहीत. अशा बातमीत ‘सामंजस्य करार’ लिहून पुढच्याच वाक्यात ‘तो बंधनकारक नाही’ एवढं लिहायला काहीच जागा लागत नाही, आणि माझा आग्रह आहे की ते लिहावंच, कारण लोकांच्या माहितीचा आणि सरकारी सेवांचा प्रश्न असतो तेव्हा कोण कशाला बांधलं गेलंय हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे.

याच्या उलट जून आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अँथ्रॉपिक, गूगल, ओपनएआय आणि एक्सएआय या चार कंपन्यांना प्रत्येकी २० कोटी डॉलरपर्यंतची कामं दिली. इथे पैसे देऊन काम करून घेणं आहे, त्याला सरळ कंत्राट म्हणा. कंत्राट शब्दाला हलका का समजतात मला कळत नाही, तो एकदम स्पष्ट शब्द आहे.

राहिली भागीदारी. भागीदार म्हणजे नफ्यातोट्यात वाटा असलेला, व्यापारातला हा अर्थ अजून पुरता जिवंत आहे. कंपन्या स्वतःच्या पत्रकात भागीदारी लिहितातच, त्यांना ते शोभतं, पण आपण बातमी लिहिताना दोघांनी मिळून भांडवल घातलंय किंवा मालकीत वाटा आहे असं असेल तेव्हाच वापरावं असं माझं मत.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘मॉडेलच्या सुरक्षा चाचण्यांसाठी सरकार एआय कंपनीशी सहकार्य करणार, सामंजस्य करारावर सह्या’. चाचण्यांच्या जागी जे काम असेल ते घाला, पण काम कोणतं ते घालाच, नुसतं ‘एआय क्षेत्रात सहकार्य’ लिहिलं तर ‘ला’ की ‘शी’ हे ठरवायलाही काही हाती लागत नाही.