अँटी-थेफ्ट ॲपचा सायरन लोकलमध्ये उगाच वाजतो, काय करू?

बहुतेक वेळा कारण पॉकेट मोड असतो. स्क्रीनच्या वरच्या कडेला असलेल्या प्रॉक्सिमिटी सेन्सरसमोर (जवळ काही आहे का ते ओळखणारा) कापड असलं की ॲप समजतं फोन खिशात आहे. ते हटलं की चोरी! गर्दीत खिसा जरा ताणला गेला तरी पुरतं. स्क्रीन अंगाकडे करून ठेवा आणि ॲपमध्ये सोय असेल तर सायरनआधीचा अवधी पाच-सहा सेकंद करा. मोशन मोड (फोन हलला की सायरन) प्रवासात बंदच ठेवा, तो टेबलावरच्या फोनसाठी ठीक.

खरं सांगू? अँड्रॉइड १० किंवा पुढचं असेल तर सेटिंग्जमध्ये गूगलचं ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ शोधून चालू करा. कोणी हिसकावून पळाल्यासारखं वाटलं तर ते स्क्रीन लॉक करतं, बोंब मारत नाही. चुकून लॉक झालंच तर नेहमीच्या पिनने उघडतं.