चिखलाचे बूट : वाचकांचे प्रश्न, केटरिंगहून उत्तरं

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशरच्या बुटांच्या कारखान्यांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना इंग्लिश कंट्री बूट्स, म्हणजे शेतातून, रानातून, चिखलातून चालायचे ते जाडजूड चामड्याचे बूट घ्यायचेत आणि नेमकं काय बघून घ्यायचं ते विचारलंय. त्यातले पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न (शेफील्ड) : ताई, आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी इकडे आलो, रविवारी पीक डिस्ट्रिक्टमध्ये चालायला जातो. एवढ्यात माझे दोन जोड गेले, दोन्ही वेळा सोल सुटून हातात आला. ऑफिसमधले एक काका एकच बूट अठरा वर्षं घालतायत, फक्त सोल बदलतात म्हणे. पण किंमत ऐकून बायको म्हणाली वेड लागलंय का. घ्यावेत का, आणि घ्यायचे तर काय बघायचं?

उत्तर : काका खरं सांगतायत. तुमच्या बुटांचा सोल गोंदाने चिकटवलेला होता, गोंद सुटला की बूट संपला, चांभारही हात लावत नाही. काकांचा सोल शिवलेला आहे आणि शिवलेलं उसवता येतं, सगळी गंमत इथेच आहे.

दुकानात गेलात की आधी रंग, चामडं, भोकाभोकांची नक्षी बघू नका, बूट आडवा धरून कडेला बघा. वरचं चामडं आणि सोल जिथे भेटतात तिथे बूटभर फिरलेली एक चामड्याची पट्टी दिसेल, तिला वेल्ट म्हणतात. आतल्या सोलच्या खालच्या बाजूला एक उभी कड असते, ही पट्टी त्या कडेला आणि वरच्या चामड्याला एका टाक्याने शिवतात, आणि बाहेरचा सोल दुसऱ्या टाक्याने फक्त या पट्टीला शिवतात. म्हणजे सोल झिजला की दुसरा टाका तेवढा काढायचा, वरच्या बुटाला धक्का नाही. याला गुडइयर वेल्ट म्हणतात, रबर व्हल्कनाइज (उष्णतेने पक्कं) करणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाने १८७० च्या दशकात याचं मशीन पुढे आणलं म्हणून ते नाव. आता फसवणूक कुठे होते तर काही स्वस्त बुटांवर पट्टीही असते आणि टाकेही असतात पण ते नुसते दिसायला, सोल गोंदानेच चिकटवलेला. मी स्वतः एका मोठ्या दुकानातून असा जोड आणला होता, पहिल्या हिवाळ्यात पुढून तोंड उघडलं, तेव्हा कळलं की तो टाका सोलपर्यंत पोचतच नव्हता. म्हणून बूट उलटा करून टाका खालीही आलाय का ते बघा. तिथे खाच करून टाका लपवलेला असला तर दिसणार नाही, मग सरळ दुकानदाराला विचारा की हा बूट रिसोल होतो का, म्हणजे नवा सोल बसतो का, आणि कुठे. ज्याला माहीत असतं तो लगेच सांगतो.

कंट्री बुटाला साध्या वेल्टपेक्षा स्टॉर्म वेल्ट असावा. या पट्टीची कड वर वळलेली असते आणि वरच्या चामड्याला घट्ट टेकते, आपल्या कौलांच्या घरात भिंतीलगत पाणी शिरू नये म्हणून सिमेंटचं वळण देतात ना तसं. आणि ही पट्टी टाचेमागूनही पूर्ण फिरलेली असावी. याच्याही पुढची एक जुनी पद्धत आहे, फेल्टस्कून. नेहमीच्या बुटात वरचं चामडं आत वळवून सोलखाली घेतात, यात ते बाहेर वळवून सोलवर पसरतात आणि तिथे शिवतात, त्यामुळे पाण्याला आत जायला फटच कमी राहते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात असे बूट वापरले गेलेत. आता फार कमी जण करतात, मिळाला आणि पायाला बसला तर सोडू नका.

सोल दोन प्रकारचे दिसतील. डेनाइट म्हणजे रबरावर बसक्या गोल गोट्या, हा मार्केट हारबरोच्या हारबरो रबर कंपनीचा, माझ्या घरापासून फार लांब नाही. दिवसरात्र कारखाना चालायचा म्हणून डे अँड नाइटचं डेनाइट झालं असं इकडे सांगतात. यात चिखल अडकत नाही, बूट पुसून थेट ऑफिसात जाता येतं. दुसरा कमांडो, खोल खाचांचा, पकड जास्त पण निम्मं शेत घरात येतं. तुमच्या भागात मी कमांडोच घेईन. पीक डिस्ट्रिक्टचा दक्षिणेकडचा भाग चुनखडीचा आहे आणि तो दगड पावसात साबणासारखा होतो, तिथे डेनाइटच्या गोट्या सरकतात. आणि हे नीट ऐका, किंडर स्काउटसारख्या ठिकाणी जिथे काळ्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीच्या, दलदलीत पाय घोट्याच्या वर जातो तिथे हे बूट न्यायचेच नाहीत, तिथे साधे वॉकिंग बूट आणि गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीला बांधायची आवरणं. कंट्री बूट गावाबाहेरच्या पायवाटा, कुरणं, कालव्याकाठ, जंगलातले रस्ते यांच्यासाठी आहेत, डोंगर चढायला नाहीत.

कुणाचे घ्यायचे? नॉर्थॅम्प्टनला ट्रिकर्स १८२९ पासून आहे, त्यांचा स्टो नावाचा बूट म्हणजे या प्रकारातला सगळ्यात ओळखीचा चेहरा. क्रॉकेट अँड जोन्स १८७९ पासून, तेही नॉर्थॅम्प्टनचे. आमच्या केटरिंगला लोक (Loake, कंपनीचं नाव), १८८०, आणि शेजारी डेसबरोला चीनी, १८८६ (Cheaney, हेही कंपनीचं नाव, देशाशी संबंध नाही). तुम्ही शेफील्डला आहात तर स्टोनी मिडलटनला विल्यम लेननकडे जरूर जा, १८९९ पासून ते तिथे बूट करतायत, डोंगरातल्या मेंढपाळांना लागायचे तसले जाड, खिळे मारलेले सुद्धा, आणि तुमच्या घरापासून ते जवळच आहे. चकाकी कमी, दणकटपणा भरपूर, तुमच्या कामाला मला तेच जास्त जवळचे वाटतात.

पैशाचं म्हणाल तर बरेच नामांकित जोड चारशे-पाचशे पौंडांच्या पुढे असतात, नवा सोल घालायला शंभराच्या वर. महिन्याला चार रविवार चालणार असाल तर घ्या. वर्षातून दोनदा जाणार असाल तर वहिनींचं ऐका.

प्रश्न (रीडिंग) : माझा पाय पुढे खूप रुंद आहे. ऑनलाइन एक जोड मागवला, नंबर बरोबर होता पण करंगळी सोलून निघाली. दुकानदार म्हणाला चामडं सैल होईल. होतं का?

उत्तर : लांबीला होत नाही, रुंदीला थोडं होतं, पण करंगळीचं कातडं जाईपर्यंत वाट बघायची नसते. परत करा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं बालपण चपलांत आणि अनवाणी गेलं, पंजे मोकळे वाढलेत, त्यामुळे नंबर एवढंच बघून आपलं भागत नाही. इंग्लिश बुटांवर नंबरासोबत एक अक्षर असतं, तो रुंदीचा हिशोब. बऱ्याच कंपन्यांत एफ म्हणजे मध्यम आणि जी म्हणजे रुंद. बरेच जण नंबर एकाने वाढवतात, मग रुंदी जमते पण बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही आणि टाच मागे वरखाली होते. बूट चवड्यापाशी सगळ्यात रुंद असतो, तुमचा चवडा नेमका तिथेच यायला हवा, पहिली कसोटी ती. दुसरं म्हणजे साचा. बूट ज्या साच्यावर ओढून बनवतात, आपले चांभार त्याला कलबूत म्हणतात, त्याचा आकार प्रत्येक कंपनीचा आणि एकाच कंपनीत प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. एका कंपनीचा आठ बसला म्हणून दुसरीचा आठ बसेल असं अजिबात नाही.

जायचं ते संध्याकाळी, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. चालताना घालणार तेच जाड लोकरी मोजे घेऊन जायचं, दोन्ही पाय मोजून घ्यायचे, जो मोठा त्याच्या हिशोबाने बूट. नव्या बुटात टाच किंचित उचलली जाते, कारण सोल अजून ताठ असतो, ते घाबरण्यासारखं नाही, पंधरा-वीस वेळा घातल्यावर कमी होतं. बोटांना मात्र पहिल्या मिनिटापासून हलायला जागा हवी.

प्रश्न (पुणे) : इंग्लंडहून भाऊ दिवाळीत येतोय, तो असे बूट आणतो म्हणतोय. मी पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेक करतो. हरिश्चंद्रगडाला चालतील ना?

उत्तर : पावसाळ्यात नको दादा, अगदी मनापासून सांगते. आपला पाऊस तासाभराचा नसतो, ओढे गुडघाभर, पाणी वरूनच बुटात शिरणार, आणि एकदा आतून भिजलेला एवढा जाड बूट आपल्या दमट हवेत चार-चार दिवस सुकत नाही. पाय जड होतात, शेवाळलेल्या कातळावर ताठ सोलचा अंदाज येत नाही. तुमच्याकडचे निम्मे ट्रेकर्स ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज घालतात ते उगीच नाही, पाणी शिरतं तसं निघून जातं आणि दगडावर पकडही बसते. भावाने आणलेच तर डिसेंबर-जानेवारीत वापरा, मोकळ्या पठारावर, भोरकडच्या रानवाटांवर. आणि जूनमध्ये खोक्यात बंद करून माळ्यावर टाकू नका, बुरशी चढते. उघड्यावर ठेवायचे, आठवड्याला एकदा कोरडा ब्रश.

एक मात्र तुम्हाला सांगावंसं वाटतं. डेव्हनमध्ये कॉलिटन गावात बेकर यांची टॅनरी आहे, तिथे अजून ओकच्या सालीच्या पाण्यात चामडं कमावतात, सोलच्या जाड चामड्याला वर्षभर आणि वर लागतं. आपल्याकडे कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, शिवायलाही चामड्याचीच वादी. दोन्हीकडे झाडाच्या सालीतलं टॅनिन चामड्यात मुरवायचं काम आहे, एकाने पाय गार ठेवायचा विचार केला आणि एकाने कोरडा. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तुमच्या पायात ती असेल तर भावाच्या बुटाच्या बरोबरीची वस्तू तुमच्याकडे आहेच.

प्रश्न (लेस्टर) : भिजलेले बूट रात्री हीटरखाली ठेवले तर सकाळी पुढे वाकतो तिथे बारीक भेगा. आता काय?

उत्तर : भेग भरून येत नाही, वाईट वाटतं पण खरं आहे. मीही पहिल्या हिवाळ्यात हेच केलं होतं. भिजलेलं चामडं गरम झालं की त्यातलं तेल निघून जातं आणि ते कोरडं ठणठणीत होऊन तडकतं. भेगा वरवरच्या असतील तर कंडिशनर हलकासा, दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून लावा, पुढे वाढणार नाहीत.

यापुढे घरी आल्यावर चिखल ओल्या फडक्याने लगेच पुसायचा, वेल्टच्या खाचेतला जुन्या टूथब्रशने, कारण तिथे बसलेली माती टाके कुजवते. आत वर्तमानपत्र कोंबायचं, दोन तासांनी ते बदलायचं, बूट आडवा ठेवायचा म्हणजे सोललाही हवा लागते. पुरता सुकल्यावर आत लाकडी शू ट्री, म्हणजे आकार टिकवणारा पायाच्या आकाराचा ठोकळा. मग एक पूर्ण दिवस विश्रांती. रोज तोच जोड घालू नका, घामाची ओलही ओलच. डबिन (चामड्याला चोळायचं मेण-तेलाचं मलम) लावावं का असं अजून दोघांनी विचारलंय, तर पूर्ण पावसाळी कामाच्या बुटाला लावा, पण थोडंच, जास्त झालं की चामडं मऊ पडतं आणि पॉलिश धरत नाही.

सोल बदलायला वेळेवर द्या, भोक पडायची वाट बघू नका. एकदा एका कारागिराने माझ्यासमोर सोल काढला, आत कॉर्कचा थर होता आणि त्या कॉर्कवर माझ्या पायाचा ठसा, अंगठ्याचा खोल, करंगळीचा जेमतेम, टाचेची बाहेरची कड दबलेली. चौदा वर्षांचं चालणं तिथे उमटलेलं. त्याने जुना कॉर्क खरवडून काढला, नवा भरला, आतल्या सोलला हात लावला नाही, म्हणाला पायाने केलेला आकार तो आहे, तो राहू दे. परत आलेला बूट पहिल्याच दिवशी पायाला ओळखीचा होता.

प्रश्न (मिल्टन कीन्स) : आमच्याकडे गाईचं चामडं चालत नाही, सासूबाई घरी असतात. आणि बजेटही कमी आहे. काही मार्ग?

उत्तर : हे बूट बहुतेक गाई-वासराच्याच चामड्याचे असतात, दुकानात गोलगोल उत्तर मिळालं तरी तसंच समजा. त्यामुळे सरळ बिनचामड्याचे घ्या. ब्रायटनला व्हेजिटेरियन शूज नावाचं दुकानच आहे, १९९० पासून, आणि हल्ली बिनचामड्याचे पण वेल्ट शिवलेले बूटही मिळतात, म्हणजे रिसोल होणारे. फक्त ते वरचं मटेरियल चामड्यासारखं पायाच्या आकाराचं होत नाही, म्हणून नंबर पहिल्या दिवसापासून अचूक हवा.

बजेटचं ज्यांना चामडं चालतं त्यांच्यासाठी सांगते, नॉर्थॅम्प्टनला ट्रिकर्सच्या आणि क्रॉकेटच्या कारखान्यालाच लागून दुकान आहे, केटरिंगला लोक कंपनीचंही आहे, तिथे सेकंड्स मिळतात. चामड्यावर एखादी रेघ, रंगात फरक, बाकी बूट तोच. मिल्टन कीन्सहून ट्रेनने नॉर्थॅम्प्टन अगदी जवळ. जाताना मोजे न्यायला विसरू नका.