मालकाचं मीठ खाल्लंय, मग नोकरी सोडू कशी?

हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येतोच. कोल्हापुरात नोकरी म्हणजे नुसता पगार नसतो ना, मालक बारशाला येतो, अडीनडीला उभा राहतो, आणि मग सोडायची वेळ आली की माणूस अडकतो. एकाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकौंटंट, ११ वर्षं तिथंच. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या कंपनीतून दीडपट पगाराची ऑफर आलेली, ते लेटर तीन आठवडे बॅगेत घडी करून ठेवलेलं, बायकोलासुद्धा दाखवलं नव्हतं. "मॅडम, सोडलं तर गद्दारी हुतीय आणि ऱ्हायलो तर रोज मरतोय." त्रास मालकांचा नव्हता, त्यांच्या मुलाचा. कारभार त्याच्याकडं आल्यापासून चारचौघांत पाणउतारा, रविवारी फोन, जीएसटी रिटर्न भरायची २० तारीख जवळ आली की घरी जायला रात्रीचे अकरा.

आणि उपकार? २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं, याचं घर चिखलीत. बोटीनं बाहेर काढलेल्या आईवडील, बायको, पोरगी सगळ्यांना मालकांनी ९ दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, मागनं घर सावरायला २ लाख दिले, बिनव्याजी.

इथं मी चुकले. म्हटलं, अहो तुम्हीही राबलाय की, त्यांचाही फायदा झालाच. गडी एकदम गप्प, चहा तसाच ठेवून गेला. बरोबरच होतं त्याचं, मालकाला लहान करून मी याला मोकळं करायला निघालेले, आणि तसलं मोकळं होणं त्याला नकोच होतं.

पुढच्या वेळी म्हटलं, अकौंटंट आहात, मांडा खातं. २ लाख? पगारातनं कापून २०२२ लाच फिटलेले. ९ दिवस? पेन थांबलं. "ह्याची एंट्री कशी टाकायची?" म्हटलं टाकूच नका, ते फिटत नसतंय, आणि अजून वीस वर्षं पोराची बोलणी खाल्ली तरी फिटणार नाही. मग विचारलं, पूर आलाच नसता तर आज इथं राहिला असता का? "न्हाई." विचार करायलाही थांबला नाही.

म्हणजे सोडायचं का हे त्याचं कधीच ठरलेलं, अडलं होतं ते कसं सोडायचं यावर. त्यावर मात्र आम्ही दोन सेशन घालवली. मुलाला मेल टाकायच्या आधी थोरल्या मालकांना समोर बसून सांगायचं, पेंडिंग कामांची वही करून द्यायची. पीएफ काय, ट्रान्स्फर होतो. ग्रॅच्युइटीचं नाव काढलं तर म्हणे ती कुठल्या तोंडानं मागू. अहो, पाच वर्षं भरली की तो कायद्यानं हक्कच, वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. बेसिक १८ हजार असलं तरी ११ वर्षांचे १ लाख १४ हजार होतात, हे मी त्याला सांगतेय, जो दुसऱ्यांचे हेच हिशोब करतो!

फेब्रुवारीत गेला सांगायला. मालक बराच वेळ काही बोललेच नाहीत म्हणे. मग म्हणाले, "मार्चएंड तेवढं करून जा. आणि तुझ्या ग्रॅच्युइटीचा हिशोब तूच काढून ठेव, पोराला जमायचं न्हाई."