जर्मनीच्या जंगलात दिसलेला काळा-पिवळा 'पालीसारखा' प्राणी कोणता? विषारी आहे का?

तुम्ही ब्लॅक फॉरेस्टमध्ये भर पावसात पाहिलात तो फायर सॅलमँडर. शास्त्रीय नाव सॅलमँड्रा सॅलमँड्रा. छपाईची चूक नाही, प्राण्यांच्या नावात दोन्ही शब्द एकच असलेले चालतात. वनस्पतींना ही मुभा नाही.

पाल मात्र नव्हे. हा बेडकांसारखा उभयचर. अंगावर खवले नाहीत, बोटांना नखं नाहीत आणि पुढच्या पायांना बोटं चारच. पण तुम्ही एकटे फसला नाहीत. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनीयसनं १७५८ साली त्याला सरड्यांच्या खात्यात टाकून 'लॅसर्टा सॅलमँड्रा' म्हटलं होतं. पुढे त्याला तिथून हलवलं, म्हणून आता पुस्तकांत शास्त्रीय नावापुढे, पहिलं नाव देणारा म्हणून, लिनीयसचं नाव कंसात छापतात. नामकरणाचा नियमच आहे तसा.

आता विषाचं. फोटो काढला असेल तर मोठा करून बघा. डोळ्यांच्या मागे दोन फुगीर पिवळे उंचवटे आणि त्यांवर सुईनं टोचल्यासारखी काळी भोकं दिसतील. ती विषग्रंथींची तोंडं. तशाच आणखी ग्रंथी पाठीवर रांगेनं असतात. डिवचलं की त्यांतून पांढरट स्राव येतो, त्यात सॅमँडरिन नावाचं विष असतं. कुत्र्यानं तोंडात धरला तर कुत्र्याची खैर नाही. आपला नुसता हात लागला तर सहसा काही होत नाही, डोळ्यात गेलं तर मात्र चांगलंच झोंबतं.

तरी उचलू नकाच. एक तर जर्मनीत तो कायद्यानं संरक्षित आहे. दुसरं, आशियातून आलेल्या एका बुरशीनं नेदरलँड्समधले सॅलमँडर जवळजवळ संपवले. ती २०१३ मध्ये ओळखली गेली आणि आता जर्मनीतही पसरली आहे. बुटांच्या चिखलातूनही ती एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाते, त्यामुळे ट्रेकनंतर मी बूट घासून पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या जंगलात पाऊल टाकत नाही.

वसंतात परत गेलात तर ओढ्याच्या संथ डबक्यांत डोकवा. ही मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच पाण्यात सोडते. प्रत्येक पायाच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका दिसला, की पिल्लू याचंच समजा. गंमत म्हणजे मोठ्या सॅलमँडरला धड पोहता येत नाही, पिल्लं सोडताना मादी कधीकधी बुडूनही मरते!