जुना यशिका आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: आजोबांच्या स्टुडिओतला यशिका-मॅट १२४जी मिळालाय, मी रत्नागिरीला असतो. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. गेला का कॅमेरा?

हे जाळं म्हणजे लेन्सवरची बुरशी. या फिल्मच्या कॅमेऱ्याला वर-खाली दोन लेन्स असतात, आधी बघा जाळं कुठल्या लेन्सला आहे. वरची लेन्स फक्त आपल्याला बघायला, तिच्यात बुरशी असली तरी फोटोत काही येत नाही. फोटो खालची लेन्स काढते. ती तपासायची तर रोल नसताना मागचं दार उघडा, शटर बी वर (बटण दाबून असेपर्यंत उघडं राहतं), अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक ३.५ वर, म्हणजे पूर्ण उघडं, बटण दाबून धरा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा, धागे असतील तर लख्ख दिसतात. थोडेसे असतील तर खुशाल वापरा, फक्त सूर्य समोर असला की फोटो धुरकट येईल. जास्त असतील तर मेकॅनिककडे, पण बुरशीने काचेवरचा लेप (कोटिंग) खाल्ला असेल तर साफ करूनही डाग राहतोच. आणि ते लेदर केस! सगळे जपून त्यातच ठेवतात, पण चामडं ओल धरून ठेवतं, कोकणात तर विचारूच नका. हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका.

प्रश्न: १ सेकंदावर शटर उघडंच राहतं. तेल सोडू का?

अजिबात नको!! आतलं जुनं तेल घट्ट झालंय म्हणून ते अडकतंय, वरून नवीन सोडलंत तर शटरच्या पात्यांवर उतरतं आणि मग १/५०० सेकंदाचा वेग पण चिकटतो. मी केलाय हा उद्योग, शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब, शेवटी अख्खं शटर खोलायला लागलं. सर्व्हिसिंगच करा, तोवर १/६० पेक्षा जलद वेगच वापरा आणि सेल्फ-टायमरला हात लावू नका.

प्रश्न: कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरचा सेल मिळत नाही.

तो १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता, बंद झाला. १.५ चा अल्कलाइन टाकला तर रीडिंग चुकतं. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ चा असतो, सैल बसतो म्हणून भोवती रबर रिंग लावा. नाहीतर मोबाइलवर मीटरचं अ‍ॅप आहेच, मी तेच वापरतो.

प्रश्न: धुऊन आलेल्या रोलच्या कडा काळ्या, १२ पैकी ५ फोटो गेले.

रोल सैल गुंडाळला गेला असणार. काढताना अंगठ्याने घट्ट दाबून धरा, लगेच चिकटपट्टी लावा, आणि हे सगळं सावलीत. तरी येतंच असेल तर मागच्या दाराचा, उजेड अडवणारा फोम बोटाने चाचपून बघा, काळा चिकट भुगा हाताला लागला तर तो बदलायचा.