पाचही जण वाजवतात, पण 'बर्ड्स' कुठे आहेत?

प्रश्न असा आहे : साठच्या दशकातल्या 'द बर्ड्स' या अमेरिकन रॉक बॅंडचे मूळ पाचही जण 1972 मध्ये पुन्हा एकत्र आले आणि 1973 मध्ये त्यांचा अल्बम आला. त्या अल्बमला काही चाहते कचरा म्हणतात, काही डोक्यावर घेतात. ऐकावा का? आणि भांडण नेमकं कशावरून आहे?

ऐकावा. पण 'बर्ड्स' ऐकायचे म्हणून बसू नका, नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल. मला हा अल्बम चोर बाजारात जुन्या एलपींच्या ढिगात सापडला. मुखपृष्ठावर लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडूर क्लबमधला पाचही जणांचा फोटो : रॉजर मॅग्विन, जीन क्लार्क, डेव्हिड क्रॉस्बी, ख्रिस हिलमन आणि ड्रमवाला मायकेल क्लार्क. (दोन्ही क्लार्क एकमेकांचे कोणी नाहीत.) घरी येऊन सुई टेकवली. पहिलं गाणं जीनचं, मोकळं, मँडोलिनची झालर असलेलं. फार आवडलं. मग मी मॅग्विनच्या 12 तारांच्या रिकेनबॅकर गिटारची वाट बघत बसलो. पहिली बाजू संपत आली तरी ती अशी मागच्या बाकावरच. शेवटी उठून अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रेबल वाढवला. मला वाटलं, माझ्याच स्पीकरचा काहीतरी लोच्या आहे.

सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे. त्या गिटारीत सहा तारांच्या जागी सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांमध्ये दुसरी तार एक सप्तक वर लावलेली, वरच्या दोन जोड्या एकाच सुरात. मॅग्विन मूळचा शिकागोचा, तिथल्या लोकसंगीताच्या शाळेत बॅंजो शिकलेला. बॅंजोची बोटं त्याने या गिटारीवर आणली आणि रेकॉर्डिंगमध्ये आवाज कंप्रेसरमधून (आवाजाचे चढउतार सपाट करणाऱ्या यंत्रातून) काढला, त्यामुळे सूर विझतच नाही, लोलकासारखा लखलखत राहतो. 1965 मध्ये लोकांनी जे 'फोक-रॉक' (लोकसंगीत आणि रॉकची सरमिसळ) म्हणून ऐकलं ते मुख्यतः हे, आणि त्यावर तिघांचे एकत्र लागलेले गळे.

आता 1973 ची पार्श्वभूमी बघा. जीन 1966 मध्ये बाहेर पडला. त्याला विमानाची भीती होती, शिवाय गाणी त्याची जास्त असल्याने पैसे त्याला जास्त मिळत आणि त्यावरून धुसफूस होती. क्रॉस्बीला 1967 मध्ये मॅग्विन आणि हिलमनने घरी जाऊन काढून टाकलं. पाच वर्षांनी चित्र उलटं झालेलं : क्रॉस्बी आता स्टिल्स, नॅश आणि नील यंग यांच्याबरोबरच्या बॅंडमुळे मोठा स्टार, आणि नव्या अल्बमचा निर्माता तोच. ज्याला घराबाहेर काढलं, त्याच्याच हाती किल्ल्या.

वाटण्या झालेले भाऊ दिवाळीला एकत्र जमतात तेव्हा कसं सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड वागतात? हा अल्बम तसा आहे. गाणी मोजा. एकूण 11. जीनची दोन, क्रॉस्बीची दोन, हिलमनची दोन, मॅग्विनची दोन. उरलेली तीन बाहेरची : दोन नील यंगची, एक गायिका-गीतकार जोनी मिचेलचं. वाटणीपत्र याहून चोख होणार नाही! चाहत्यांचा जुना आरोप असा की प्रत्येकाने आपला चांगला माल स्वतःच्या सोलो अल्बमसाठी मागे ठेवला. असेल. मला मात्र ती मुख्य अडचण वाटत नाही. मॅग्विनने क्रॉस्बीला अडवलं नाही, क्रॉस्बीने मॅग्विनला आग्रह केला नाही, आणि त्या सभ्यतेपायी गाणी एका ताटात वाढलेल्या चार घरच्या भाज्यांसारखी राहिली.

अल्बमची बाजू घेणारे म्हणतात, 'पाचही जण आहेत, मग बर्ड्स नाहीत असं कसं म्हणता?' त्यांना मी एवढंच सांगतो की बर्ड्सच्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यात, जानेवारी 1965 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'मिस्टर टॅम्बरिन मॅन'मध्ये, वाद्य वाजवणारा बर्ड एकच होता : मॅग्विन. ड्रम, बास, बाकी सगळं स्टुडिओच्या भाड्याच्या वादकांनी वाजवलं. जीन आणि क्रॉस्बी फक्त गायले, हिलमन आणि मायकेल तर त्यात नाहीतच. तरी पहिल्या चार सेकंदांत कळतं की हे कोण आहेत. ते गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. 1973 मध्ये पाचही जण हजर, आणि ओळख पटायला मुखपृष्ठ बघावं लागतं.

म्हणून कचरा म्हणणाऱ्यांच्या बाजूने जाऊ का? नाही. जीन क्लार्कवर तो सरळसरळ अन्याय होईल. त्याची दोन गाणी तर उत्तम आहेतच, नील यंगची दोन्हीही तोच गातो. त्यातलं शेवटचं तर खुद्द यंगचं स्वतःचं रेकॉर्डिंग बाजारात यायच्या आधी इथे आलं. क्रॉस्बीच्या गाण्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. 'लाफिंग' हवं असेल तर त्याच्या 1971 च्या सोलो अल्बममधलं ऐका. त्यात 'ग्रेटफुल डेड' बॅंडच्या जेरी गार्सियाची पेडल स्टील गिटार आहे, इथलं त्यापुढे पाणचट वाटतं. (क्रॉस्बीचा मला राग नाही हो. रविशंकरांचं संगीत बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या कानावर घालणाऱ्यांत तो होता, ते उपकार आपण विसरणार नाही.) मॅग्विनची दोन्ही गाणी मला आजही आठवून सांगता येत नाहीत.

समीक्षकांनी तेव्हा अल्बम धुऊन काढला, तरी तो अमेरिकेत 20व्या क्रमांकापर्यंत चढला. नावाची पुण्याई. त्यानंतर पाच जणांनी मिळून दुसरा अल्बम केला नाही.

गंमत पुढे आहे. 1990 मध्ये मॅग्विन, क्रॉस्बी आणि हिलमन तिघेच नॅशव्हिलला जमले आणि बर्ड्सच्या गाण्यांच्या चार सीडींच्या संचासाठी चार गाणी करून गेले. जीन आणि मायकेल नव्हते. मायकेलने 'बर्ड्स' हे नाव घेऊन स्वतःचा बॅंड फिरवला होता आणि त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं होतं. म्हणजे माणसं कमी, कटुता जास्त, आणि तरी ही गाणी 1973 पेक्षा कितीतरी जास्त बर्ड्सची वाटतात, कारण रिकेनबॅकर पुन्हा पुढच्या रांगेत आहे. पाचही जण शेवटचे एकत्र वाजवले ते जानेवारी 1991 मध्ये, न्यूयॉर्कला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात. चार महिन्यांनी जीन गेला, 1993 मध्ये मायकेल. क्रॉस्बी पुढे अनेक वर्षं पुन्हा जमू या म्हणत राहिला, मॅग्विन नको म्हणत राहिला.

तर तुम्ही असं करा : पहिलं गाणं ऐका, मग थेट शेवटचं. ते दोन्ही जीन गातो. आवडलं तर मधलं निवांत ऐका. माझ्या एलपीवर शेवटच्या गाण्यात ओरखडा आहे, सुई एका ओळीवर अडकून बसते आणि उठून बोटाने पुढे ढकलावी लागते. त्या गाण्यासाठी मी उठतो.